कुंडीतल्या झाडासाठी रानातला कोणता बुडखा घ्यावा?



उन्हाळ्यात बांध साफ करताना निघालेला वडाचा, घाणेरीचा किंवा विलायती चिंचेचा बुडखा आपण आजवर चुलीत घातला, नाहीतर बांधावरच वाळत टाकला. असा बुडखा जिवंत काढून कुंडीत लावला आणि वर्षानुवर्षे छाटून, वळण देऊन सांभाळला, तर हातभर उंचीचे पण जुन्या वृक्षासारखे दिसणारे झाड तयार होते. त्याला बोन्साय म्हणतात. शब्द जपानी आहे. 'बोन' म्हणजे पसरट भांडे आणि 'साय' म्हणजे लावणे. आपल्याकडे वामनवृक्ष असेही म्हणतात. पुण्या-मुंबईत या छंदाची मंडळे आहेत, प्रदर्शने भरतात, आणि हौशी माणसे जुन्या बुंध्याचे झाड शोधत असतात. बियांपासून मनगटाएवढा बुंधा व्हायला कुंडीत उमर जाते, आणि आपल्या बांधावर तो आयताच उभा असतो. म्हणून रोपवाटिकावाल्याचा डोळा आपल्या बांधावर पडतो.

या विषयावर शेतकरी बहुतेक एकच प्रश्न विचारतात, की बुडखा कितीला जाईल? भावाचे नंतर बघू. पहिला प्रश्न असा, की काढलेला बुडखा जगेल का? रानातून उपटलेली पुष्कळ झाडे दोन-चार महिन्यांत वाळून जातात. मेलेल्या बुडख्याला भाव जळणाचाच. कुदळ कशी मारावी, पाणी किती घालावे हे सगळे शिकता येते, पण निवड चुकली तर त्या शिकण्याचा काही उपयोग होत नाही. म्हणून या पत्रकात जास्त भर निवडीवर दिला आहे.

आधी जमीन बघा, मग झाड

झाड का मरते ते आधी समजून घ्या. पानातून पाणी सतत उडत असते. ते पाणी पुरवतात ती बोटभर जाडीची मुळे नव्हेत, त्यांच्या टोकाची केसासारखी बारीक तंतुमुळे. जाड मुळे झाडाला धरून ठेवतात आणि पाण्याची वाट म्हणून काम करतात. आता बघा, ज्या झाडाची तंतुमुळे बुंध्याजवळ वीतभरात आहेत ते मातीच्या गड्ड्यासकट निघते आणि जगते. ज्याची तंतुमुळे दहा हात खोल गेली आहेत, त्याची आपण फक्त वाट उचलून आणतो. विहीर तिकडेच राहते.

तेव्हा एकाच जातीचे झाड दोन ठिकाणी दोन गुणांचे निघते. वसमतकडच्या खोल काळ्या जमिनीत उगवलेले चिंचेचे झाड घ्या. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरचा थर पार सुकून जातो, म्हणून मूळ ओलीच्या मागे सरळ खाली जाते. वर हाताएवढे झाड, आणि खाली सोटमूळ पुरुषभर. आता सेनगाव-औंढ्याकडच्या बरड माळावरची तीच चिंच बघा. तिथे वीतभर मुरूम आणि त्याखाली कातळ. मुळाला खाली जायला वाट नाही, म्हणून ते आडवे पसरते, दगडाच्या सांदीत शिरते, आणि बुंध्याजवळच त्याची जाळी होते. हे झाड पंचवीस वर्षांचे असूनही कमरेएवढे असते. कुंडीसाठी घ्यायचे तर हेच.

भिंतीतले, बारवेच्या पायरीतले, पडक्या गढीवरचे झाड हे त्याच माळावरच्या झाडाचे भाऊ समजा. त्यांना माती जवळजवळ नसतेच. मूठभर चुन्या-मातीवर जगायची त्यांना सवय झालेली असते, आणि कुंडी म्हणजे तरी दुसरे काय?

गावातली शेळी या कामी आपली मोठी मदतनीस आहे. शेळ्यांच्या वाटेवर, गायरानाच्या कडेला काही झुडपे दिसतात. दरवर्षी शेंडा खुडला जातो, दरवर्षी खालून नवे फुटवे येतात, बुंधा जाड होत जातो आणि उंची तेवढीच राहते. बोन्सायवाला कात्रीने पंधरा वर्षे जे करतो तेच शेळीने फुकट करून ठेवलेले असते. बांधावर दरसाल कुऱ्हाड खाणारे झुडूपही तसेच.

झाडापाशी बसून काय बघावे

उभ्याने झाड निवडू नका. शेंड्याकडे, पानांच्या दाटीकडे बघून फसायला होते. शेंडा तर आपण कापूनच टाकणार आहोत. खाली बसा, बुंध्याभोवतीची माती खुरप्याने चार बोटे बाजूला करा आणि मुळे जिथे फुटतात ती जागा नीट बघा.

बुंधा जमिनीशी रुंद आणि वर निमुळता होत गेलेला हवा. खालपासून वरपर्यंत सारख्या जाडीचा खुंट कुंडीत लावला तर तो खुंटच दिसतो, त्याला बैल बांधावा. मुळे चहूबाजूंनी पसरलेली असली तर उत्तम. निदान तीन बाजूंना तरी हवीत. एकाच बाजूला एक जाड मूळ आणि दुसरीकडे कोरडा बुंधा, असे झाड कुंडीत तोल धरत नाही, आणि लागले तरी जन्मभर एका अंगावर कलल्यासारखे दिसते.

मग बुंधा दोन्ही हातांनी धरून हलवा. ताटलीसारखी सगळी माती बुंध्यासंगे हलली तर मुळे वरच पसरलेली आहेत. पहार रोवल्यासारखा तो गच्च राहिला आणि आजूबाजूची माती ढिम्म असली, तर खाली सोटमूळ आहे. ही परीक्षा फुकट आहे, तिला अर्धा मिनिट लागतो, आणि ती न केल्यामुळे लोक दुपारभर खणत बसतात.

साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवी, ओली निघाली तर त्या जागी जीव आहे. बुंध्याला भोके आणि खाली भुसा दिसला तर खोडकिडा आहे, ते झाड सोडा. बुंध्यावर दगडाने हलके ठोकून पोकळ आवाज येतो का तेही ऐका. थोडी पोकळी असली तर बिघडत नाही. जुन्या वडाला ढोली शोभतेच. पण हाताने दाबल्यावर लाकूड भुसभुशीत लागले तर ती कुज आहे, आणि ती खाली मुळापर्यंत जाणार.

शेवटची गोष्ट पानाची. बुंधा छाटता येतो, फांदी वळवता येते, पण पानाचा आकार एका हद्दीपलीकडे लहान होत नाही. फळ तर मुळीच लहान होत नाही. हातभर झाडाला सागाचे सुपाएवढे पान कसे दिसेल याचा विचार करा.

आपल्या शिवारातली झाडे

पहिला मान घाणेरीचा, म्हणजे टणटणीचा. ऐकून हसू येईल. पण घाणेरी ही बाहेरदेशाहून शोभेसाठी आलेली आणि आपल्या रानात मोकाट माजलेली झुडूप-जात आहे. जनावराने खाल्ली तर विषबाधा होते, कुरणातले गवत ती दाबून टाकते. तिला काढल्याने कोणाचे नुकसान नाही, उलट रान मोकळे होते. जुन्या घाणेरीचा बुंधा पिळदार, खोबणी पडलेला असतो, पान लहान, फूल रंगीत, आणि छाटल्यावर फुटवा भरपूर. पहिल्यांदा हात बसवायचा तर घाणेरीवर बसवा. दहा काढल्या आणि सहा मेल्या तरी हळहळ नको.

त्यानंतर वड, पिंपळ आणि पिंपरी ही चिकाची जात. यांचा मोठा गुण असा की यांना जुन्या लाकडातूनही नवी मुळे फुटतात. वडाच्या पारंब्या आपण बघतोच. म्हणून भिंतीतून काढताना मुळे फार तुटली तरी वडाचा बुडखा बहुधा सावरतो. तिन्हींत पिंपरीचे पान कुंडीला सोयीचे. वडाचे पान मोठे, पण छाटणीने बरेच लहान होते. पिंपळाचे देठ लांब आणि फांद्या विरळ राहतात, म्हणून त्याला दाट डोलारा यायला वेळ लागतो. उंबर याच कुळातला असला तरी तो ओढ्याकाठचा, पाण्याला हपापलेला. एका उन्हाळी दुपारी पाणी चुकले की रुसतो.

पिंपळाबद्दल एक शब्द. पुष्कळ गावांत पिंपळाला कुऱ्हाड लावायला माणूस तयार होत नाही, आणि ती भावना आपण जपलीच पाहिजे. पण तोच पिंपळ बारवेच्या चिऱ्यांत मूळ घालून पायऱ्या उकलतो, वाड्याची भिंत पाडतो. भिंत वाचवायची म्हणून काही लोक त्याच्या मुळावर तेल-मीठ-आम्ल ओततात. त्यापेक्षा त्याला जिवंत काढून कुंडीत किंवा गावाबाहेर मोकळ्या जागी लावणे हे कोणाच्याही मनाला पटेल. मात्र जुने देऊळ किंवा बारव पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असेल तर त्याच्या भिंतीला हात लावू नका, खात्यालाच कळवा.

विलायती चिंच, जिला कोणी चिचबिलाई म्हणतात, कुंपणाला लावलेली असते. छाटणी सोसते, पान लहान, फुटवा जोमदार. जुन्या कुंपणातला बुडखा चांगला. वेडी बाभूळही बुंध्यातून जोरात फुटते आणि तीही नकोशीच आहे, फक्त काट्यांपासून डोळे सांभाळा. कवठाचे पान चकचकीत, बारीक, आणि साल भेगाळलेली. वाढ संथ, पण माळावरचे कवठ मिळाले तर ते ठेवणीतले झाड होते.

आपली चिंच कुंडीत फार देखणी दिसते. पान बारीक, बुंधा लवकर जुनाट दिसतो, रात्री पाने मिटतात. माळावरची असेल तरच घ्या, आणि तिच्याबाबत कायद्याचे पुढे सांगितले आहे ते वाचल्याशिवाय कुदळ उचलू नका.

डाळिंबाचे जुने खोड पिळदार असते आणि बाग मोडताना ते भरपूर निघते. पण बाग का मोडली हे आधी विचारा. तेलकट डाग रोगामुळे, म्हणजे ज्याला आपण तेल्या म्हणतो त्यामुळे, किंवा मर रोगामुळे मोडली असेल, तर ते खोड आपल्या आखाड्यावर आणणे म्हणजे रोग पाहुणा म्हणून आणणे. शेजारी डाळिंबाची बाग असेल तर हा पाहुणा तिथेही जेवायला जाईल. असे खोड जागेवरच जाळा. वय झाले म्हणून मोडलेल्या निरोगी बागेतले घ्यायला हरकत नाही.

आता जी घेऊ नयेत ती. बाभूळ, हिवर, पळस, शमी, अंजन. ही सगळी कोरड्या मुलखात टिकतात ती खोल मुळाच्या जोरावर. अंजनाचे तर रोप बोटाएवढे असतानाच त्याचे मूळ हातभर खाली गेलेले असते. मोठे झाड उपटून ते जगवीन म्हणणे फुकटचा हट्ट आहे. साग पानामुळे बाद.

बोराचे वेगळे सांगतो, कारण बोर आपल्या प्रत्येक बांधावर आहे आणि तिचा गाठाळ, काटेरी बुंधा बघून मोह होतो. रानबोरीला बळकट सोटमूळ असते. ते तुटले की झाड बहुधा मान टाकते. ते मूळ आहे म्हणूनच दुष्काळातही बोर हिरवी राहते. मग तिला उपटायची कशाला? फळे संपल्यावर मार्च-एप्रिलात बोर जमिनीपासून गुडघाभर उंचीवर करवतीने कापा. नवे धुमारे येतील. त्यांतले सरळ, जोमदार एक-दोन ठेवून बाकीचे काढा, आणि जून-जुलैत त्यांवर उमराणसारख्या चांगल्या जातीचा डोळा भरा. मूळ रानटी आणि फळ सुधारलेले, असे झाड जागेवरच तयार होते, तेही पाणी न देता. कुंडीतल्या एका बोरीपेक्षा बांधावरच्या दहा डोळे भरलेल्या बोरी घराला जास्त देतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणाचे झाड, कोणाची जागा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण खटला त्याहून कंटाळवाणा असतो. वनखात्याच्या जमिनीतून रोपटेसुद्धा आणू नये. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे तो गुन्हा आहे, मग ते झाड लहान असो की वाकडे. गायरान ही सरकारी जमीन आहे, तिथे आपण फक्त चराईला जातो. रस्त्याकडेचे झाड रस्ता ज्या खात्याचा त्याचे. रस्ता रुंद होताना झाडे निघणारच असली तरी खात्याला विचारून, लेखी घेऊन मगच काढा.

स्वतःच्या शेतातले झाड आपले खरे, पण सगळीच नाहीत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या यादीतली झाडे स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्या यादीत आपल्या भागातली साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, चंदन, ऐन, बिजा, अंजन ही झाडे येतात. मुळासकट उपटणे हेही तोडणेच समजून चाला. चिंच हवी असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. चंदनाच्या तर वाटेलाच जाऊ नका.

आणि बांध. बांधावरचे झाड दोघांचे असते, निदान दोघांना तसे वाटत असते. इतकी वर्षे ज्या बोरीकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, तिच्यावर शहरातल्या माणसाने बोट ठेवले की दोन्ही धुऱ्यांवर मालक उभे राहतात. शेजाऱ्याला आधी विचारा. बुडख्याच्या पैशात कोर्टाची एक तारीखही भागत नाही.

शेताच्या हितासाठी आणखी एक ध्यानात ठेवा. नाल्याच्या काठावरचे, ओघळीच्या तोंडाशी असलेले, उताराच्या बांधावरचे झाड कितीही देखणे असले तरी काढू नका. ते तिथली माती धरून आहे. बुडखा काढलेल्या खड्ड्यातून पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटतो, आणि कयाधूला जी गढूळ माती वाहत जाते ती अशाच वाटांनी जाते. काढण्याजोगे झाड ओळखायची सोपी रीत सांगतो. जे असेही जाणारच आहे तेच घ्यावे. पडायला आलेल्या भिंतीतले, खोदकामात येणारे, विहिरीचे कडे उकलणारे, दरसाल तोडावेच लागणारे, किंवा घाणेरीसारखे नकोसे.

जपानात डोंगरातून आणलेल्या अशा झाडाला 'यामादोरी' म्हणतात. तिथे एका जातीच्या डोंगरी जुनिपरला एवढी मागणी आली की कड्यावर दोर टाकून माणसे ती झाडे काढू लागली, आणि शिकोकू बेटावरच्या डोंगरात जुनी झाडे शोधूनही मिळेनाशी झाली. मग त्यांनी रोपवाटिकेत खोडे तयार करायचा रस्ता धरला. टोकियोत १९२३ साली मोठा भूकंप झाला, त्यानंतर १९२५ च्या सुमारास तिथले काही रोपवाटिकावाले ओमिया इथे येऊन वसले, आणि ते बोन्सायचे गाव आजही आहे. आपल्याला हा रस्ता पहिल्यापासूनच मोकळा आहे. वडाची, पिंपरीची मनगटाएवढी फांदी पावसाळ्यात लावली तर ती मुळे धरते. अशा फांद्या आखाड्याच्या कडेला लावून दरसाल खाली छाटत गेल्यास पाच-सात वर्षांत विकण्याजोगे खोड तयार होते, आणि त्यासाठी रानातले एकही झाड हलवावे लागत नाही.

काढणी

वेळ मृगाच्या पावसानंतरची. हवेत ओल असते, ऊन उतरलेले असते आणि झाड स्वतःच फुटायच्या तयारीत असते. वैशाखात काढलेला बुडखा आपल्याकडच्या उन्हात घरी पोचेपर्यंतच अर्धा मरतो. दिवाळीनंतर थंडीत काढलेला फुटतच नाही, तसाच बसून राहतो.

बांधावरच्या झाडाला घाई नसेल तर वर्षभर आधी तयारी करा. पावसाळ्याच्या तोंडी बुंध्यापासून दीड वीत अंतरावर अर्ध्या गोलात चर खणा, आडवी येणारी मुळे धारदार करवतीने कापा, आणि चरात मुरूम व कुजलेले शेणखत मिसळून भरा. कापलेल्या टोकांना त्या भुसभुशीत मातीत नवी तंतुमुळे येतील. उरलेला अर्धा भाग पुढच्या पावसाळ्यात कापून झाड गड्ड्यासकट उचला. चिंच, कवठ, विलायती चिंच यांच्यासाठी ही पद्धत जवळजवळ सक्तीची समजा. वडा-पिंपळाला ती नसली तरी चालते.

मुळे कुऱ्हाडीने तोडू नका, चिरफळ्या होतात आणि तिथून कूज लागते. गड्डा ओल्या तरटाने गुंडाळून सुतळीने बांधा. भिंतीतल्या झाडाला गड्डा नसतोच, तेव्हा मिळतील तेवढी मुळे ओल्या तरटात गुंडाळून त्याच दिवशी लावा. रात्रभर गाडीत राहिलेला बुडखा विकत घेणाऱ्याला बरा दिसतो, पण तो आतून सुकलेला असतो.

वडाचा बुंधा हवा त्यापेक्षा चार बोटे उंच ठेवून कापला तरी चालतो, कारण वरचे टोक थोडे वाळतेच. चिंच-कवठाला मात्र दोन-चार पानांच्या काड्या राहू द्या. चीक निघत असेल तर पाण्याने धुऊन घाव कोरडा होऊ द्या, मग बोर्डो पेस्ट लावा. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, मग दोन्ही एकत्र. भांडी मातीची किंवा प्लास्टिकची घ्या, लोखंडाची नकोत.

लावण आणि पहिले वर्ष

लगेच देखण्या पसरट कुंडीत लावायची हौस आवरा. पहिली दोन वर्षे झाडाला मूळ धरायला ऐसपैस जागा लागते. फुटके घमेले, अर्धा कापलेला पिंप, लाकडी खोके काहीही चालेल, फक्त तळाला बोटभराची पाच-सहा भोके हवीत. भरायला दोन भाग जाड मुरूम किंवा विटांचा चुरा, एक भाग नदीची जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत. काळी माती घालू नका. शेतात ती सोने असली तरी भांड्यात ती पावसात चिखल होऊन मुळे गुदमरवते आणि उन्हात आक्रसून कडेने फाटते. बुडखा हलू नये म्हणून सुतळीने भांड्याला करकचून बांधा. हलणाऱ्या बुडख्याची नवी तंतुमुळे रोज तुटतात.

भांडे झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत ठेवा. वरून खताच्या गोणीतली पातळ पारदर्शक पिशवी सैल घाला, म्हणजे आत दमटपणा राहील. पाणी बोटाने माती तपासूनच द्या. खत मुळीच नको, ना रासायनिक ना सेंद्रिय.

पंधरा-वीस दिवसांत बुंध्यावर हिरवे डोळे फुटतात, आणि सगळ्यात जास्त झाडे मरतात ती इथून पुढे. फुटवा दिसला म्हणजे झाड लागले, असे समजून लोक पिशवी काढतात, उन्हात ठेवतात, मूठभर युरिया टाकतात. तो पहिला फुटवा बुंध्यात साठलेल्या जोरावर आलेला असतो. कापलेले शेवग्याचे खुंटही अंगणात पडल्या पडल्या फुटतात ना, तसाच. खाली मूळ अजून आलेलेच नसते. साठा संपला की फुटवा लोंबतो आणि आठ दिवसांत काळा पडतो. पहिली पाने जून, टणक होऊन त्यानंतर दुसरा फुटवा येईल तेव्हाच मुळे धरली म्हणा. त्याला दोन-अडीच महिने लागतात. मग पिशवीला एक-एक भोक पाडत जा, आणि पोळ्यानंतर सकाळचे कोवळे ऊन दाखवा. बुडखा उपटून मुळे आली का हे बघायचा मोह घरातल्या लहान मुलांना होतो. मोठ्यांनाही होतो.

पहिल्या वर्षी तार गुंडाळणे, फांद्या वळवणे, शेंडा मारणे काहीच करू नका. पुढचा पूर्ण उन्हाळा सावलीत काढून जे झाड दुसऱ्या मृगाला जोमाने फुटेल, त्यावरच कात्री चालवा. विकायचे असेल तर तेव्हाच विका. उपटल्याबरोबर बांधावरून नेणारा व्यापारी भाव पाडून मागतो, कारण दहातली किती मरतील हे त्याला माहीत असते आणि तो तोटा तो आपल्याच भावातून वळता करतो. दोन पावसाळे आपल्या आखाड्यावर काढलेले, पाने धरलेले झाड असेल तर तो हिशेब करायला त्याला जागा राहत नाही. म्हणून पहिल्या वर्षी दोन घाणेरी, एखादा भिंतीतला वड, एवढेच घ्या, आणि उन्हाळ्यात त्यांना सकाळ-संध्याकाळ कोण पाणी घालणार हे बुडखा काढायच्या आधी घरात ठरवून घ्या.